पहिल्या प्लेस्टेशनवर डूम: वीज, चित्र, पॅड, पासवर्ड, याच क्रमाने

जुना प्लेस्टेशन माळ्यावरून काढून त्यावर डूम, म्हणजे तो बंदुकीने राक्षस मारायचा जुना गेम, लावणाऱ्या बहुतेकांच्या तक्रारी त्याच त्या असतात. काही दिसत नाही, सगळं काळं आहे, कंट्रोल जड आहेत, पॅड मेलाय, सेव्हच होत नाही, आणि मग दोन दिवसांत कन्सोल परत पिशवीत. काहींचा तर पहिल्याच दिवशी फट्ट आवाज येऊन बंद पडतो. यातल्या जवळपास सगळ्या गोष्टी मांडणीच्या चुका आहेत, गेमच्या नाहीत. लोक सगळं एकदम जोडतात आणि मग काही बिनसलं की नक्की कुठे बिनसलं तेच कळत नाही. टीव्हीचं सेटिंग चुकलेलं असतं आणि दोष डिस्कला जातो, पॅडचं एक बटण चुकीचं दाबलेलं असतं आणि नवा पॅड विकत घेतला जातो. म्हणून खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्यात त्याच क्रमाने करा, आधीची पायरी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हे सगळं १९९५ च्या विल्यम्स कंपनीने काढलेल्या प्लेस्टेशन डूमबद्दल आहे. कॉम्प्युटरवर खेळलेला डूम डोक्यात ठेवून याच्याकडे आलात तर पहिल्या तासातच चुकाल, कारण लेव्हल्सची रचना, उजेड, संगीत, राक्षसांच्या जागा, बरंच काही बदललेलं आहे. काय काय बदललंय ते ज्या त्या पायरीवर येईल.

## आधी काय जमवायचं

कन्सोल, मूळ डिस्क, एक चालणारा पॅड, एव्ही केबल, टीव्ही, आणि एक वही. वही म्हणजे खरंच वही, कागदाचा कपटा नाही. मेमरी कार्ड शोधत बसू नका, हा गेम मेमरी कार्डवर काहीच सेव्ह करत नाही. लोक कार्डासाठी पैसे घालवतात आणि मग कार्ड खराब आहे म्हणून परत करायला जातात.

एव्ही केबल नसेल तर पीएसटूची (प्लेस्टेशन टूची) केबल चालते, मागचं पोर्ट तेच आहे. अगदी सुरुवातीच्या काही मॉडेल्सना तर मागे थेट पिवळी-पांढरी-लाल भोकंच आहेत.

कन्सोल अजून घ्यायचाच असेल तर पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी सकाळी लवकर जा, पण तिथे प्लग लावून दाखवायला कोणी बसलेलं नसतं, त्यामुळे डोळ्यांनीच तपासावं लागतं. झाकण उघडा, लेन्स बघा. धुळीने मळलेली चालेल पण ओरखडा नको. पॅडच्या पोर्टमधल्या पिना वाकलेल्या नकोत. झाकण बंद केल्यावर नीट बसतंय ना बघा, कारण झाकण बसलं नाही तर डिस्क फिरतच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालचा स्टिकर. स्टिकर खरवडलेला असेल तर तो कन्सोल सोडून द्या, कितीही स्वस्त मिळाला तरी.

## पायरी १: तळाचा स्टिकर वाचा

कन्सोल उलटा करा. मॉडेल नंबर आणि व्होल्टेज दोन्ही तिथे छापलेलं असतं. साधारण नियम असा की मॉडेल नंबरचा शेवटचा आकडा ० असेल तर जपानी, १ असेल तर अमेरिकन, २ असेल तर युरोपातला. म्हणजे ७५०१ हा अमेरिकन आणि ७५०२ हा युरोपियन. जपानी मशीन १०० व्होल्टची, अमेरिकन १२० ची, युरोपियन आपल्यासारखी २२०-२४० ची. आकड्यावरून फक्त अंदाज घ्या, शेवटचा शब्द स्टिकरवरच्या व्होल्टेजचा.

पुण्यात ही पायरी फार मोलाची आहे. कोथरूड, औंध, सहकारनगर भागात असे कितीतरी कन्सोल आहेत जे अमेरिकेतल्या मामाने किंवा काकाने सुट्टीत येताना आणले आणि मग पंचवीस वर्षं कपाटात पडून राहिले. मूळचा ट्रान्सफॉर्मर एव्हाना कुठेतरी गेलेला असतो, आणि मागची 8 आकाराची वायर तर आपल्या रेडिओच्या वायरीसारखीच दिसते, सहज बसते. घरातली कुठलीही वायर लावली, भिंतीत खोचली, संपलं.

तपासा: वहीच्या पहिल्या पानावर मॉडेल नंबर, व्होल्टेज आणि कन्सोल कुठल्या देशाचा ते लिहून ठेवा. पुढे दोनदा लागणार आहे.

## पायरी २: वीज

स्टिकरवर २२०-२४० असेल तर ही पायरी दोन मिनिटांची, चांगली वायर लावा आणि पुढे चला.

१०० किंवा १२० असेल तर स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्टेज कमी करणारा, ट्रान्सफॉर्मर लागतोच. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, जाऊन मागा, पण फक्त "एकशेदहाचा द्या" एवढं बोलून गप्प बसू नका. १२० च्या अमेरिकन मशीनला ११० चालतं. १०० च्या जपानी मशीनसाठी मात्र १०० व्होल्ट आउटपुटचाच मागा, लगेच मिळाला नाही तर बनवून घ्या. कन्सोल फार थोडी वीज खातो, त्यामुळे १०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर भरपूर झाला, मोठा घेऊन टेबल अडवू नका. तो तांब्याच्या वाइंडिंगचा, हाताला जड लागणारा असावा. प्रवासात हेअर ड्रायर चालवायला जे हलके छोटे कन्व्हर्टर मिळतात ते यासाठी नाहीत, ते विजेचा आकार बिघडवून देतात आणि कन्सोलचा पॉवर सप्लाय त्याने जातो.

दुकानातच मल्टिमीटर लावून आउटपुट बघा. काही न जोडता आकडा छापलेल्यापेक्षा थोडा जास्त दिसेल, ते ठीक आहे. १४०-१५० दाखवत असेल तर घेऊ नका.

लहान, पांढरं, गोल कोपऱ्यांचं मॉडेल असेल तर त्याचा ॲडॉप्टर बाहेर असतो आणि कन्सोलला ७.५ व्होल्ट डीसी, २ अँपिअर लागतो. मूळ ॲडॉप्टर १२० चा असला तर ट्रान्सफॉर्मर घेण्यापेक्षा २३० वर चालणारा ७.५ व्होल्टचा ॲडॉप्टर शोधणं सोपं. पिनच्या आतबाहेर प्लस-मायनस कुठे आहे त्याचं चिन्ह कन्सोलवरच्या चिन्हाशी जुळवून घ्या. ९ व्होल्टचा "चालतो हो" म्हणून कोणी दिला तर घेऊ नका.

थांबा: क्रम असा: आधी ट्रान्सफॉर्मर भिंतीत, मग मीटरने आउटपुट तपासणं, मग भिंतीचा स्विच बंद, मग कन्सोलची वायर ट्रान्सफॉर्मरमध्ये, आणि मगच स्विच चालू. ट्रान्सफॉर्मरला इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे सारखेच सॉकेट असतील तर त्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. घरातलं दुसरं कोणी साफसफाई करताना वायर काढून परत लावणारच आहे.

तपासा: डिस्क न घालता, टीव्ही न जोडता कन्सोल चालू करा. दिवा लागला पाहिजे. पंधरा मिनिटं तसाच ठेवा, ट्रान्सफॉर्मर कोमट होईल, चटका बसेल इतका तापला किंवा जळका वास आला तर लगेच बंद.

## पायरी ३: डिस्क आणि लेन्स

पहिल्या प्लेस्टेशनच्या मूळ डिस्कची खालची बाजू काळी असते, चंदेरी असेल तर ती कॉपी आहे. सीडीवर लिहिलेली कॉपी साध्या कन्सोलवर चालत नाही, आणि चालवायचे उपाय मी इथे देणार नाही. मूळ डिस्क अजूनही मिळते.

डिस्क आणि कन्सोल एकाच विभागाचे हवेत. डिस्कवर कोड असतो: एसएलयूएस म्हणजे अमेरिकन, एसएलईएस म्हणजे युरोपियन, एसएलपीएस म्हणजे जपानी. पायरी १ ला वहीत लिहिलेलं इथे काढा आणि जुळवा. युरोपियन कन्सोलमध्ये अमेरिकन डिस्क घातली तर गेम सुरूच होत नाही, आणि लोक समजतात लेन्स गेली.

लेन्स पुसायची असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालायची कापसाची काडी, बस. काडी फक्त ओलसर हवी, टपकणारी नको, आणि हलक्या हाताने एकदा गोल फिरवायची. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने बंद कपाटात राहिलेल्या कन्सोलच्या लेन्सवर बुरशीचा धुरकट थर बसतो, तो असा पुसून बऱ्याचदा निघतो. जूनच्या आधी कन्सोल ठेवताना सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

कन्सोल उलटा किंवा उभा ठेवला की डिस्क वाचतो असा जुना उपाय तुम्हाला कोणीतरी सांगेलच. चालतो कधी कधी, पण त्याचा अर्थ लेन्सची यंत्रणा झिजलेली आहे. तसंच रेटत न राहता दुरुस्ती करून घ्या.

पीएसटूवर खेळणार असाल तर एक जादा गोष्ट. पहिल्या मेनूत ट्रँगल दाबून व्हर्जनच्या यादीत जा, तिथे प्लेस्टेशन ड्रायव्हर असं असतं, त्यात डिस्क स्पीड आणि टेक्स्चर मॅपिंग दोन्ही स्टँडर्डवर ठेवा. टेक्स्चर स्मूथ केलं तर भिंती चिखल फासल्यासारख्या दिसतात.

## पायरी ४: टीव्हीला जोडणं

जमलं तर जुना डबा टीव्ही घ्या. खरंच सांगतो, या गेमसाठी त्याच्याइतकं चांगलं काही नाही, काळा रंग नीट काळा दिसतो आणि बटण दाबलं की त्याच क्षणी गोळी सुटते. जुने टीव्ही भंगारच्या भावात मिळतात, फक्त त्याचं मागचं झाकण उघडू नका, बंद करून प्लग काढला तरी आत जीवघेणा चार्ज राहू शकतो.

अमेरिकन किंवा जपानी कन्सोल जुन्या भारतीय टीव्हीला जोडला की चित्र ब्लॅक अँड व्हाइट येऊ शकतं. कन्सोल बिघडलेला नाही. आपले टीव्ही पॅल आणि कन्सोल एनटीएससी, म्हणजे रंग पाठवायच्या दोन वेगळ्या पद्धती, एवढंच कारण आहे. टीव्हीच्या मेनूत कलर सिस्टिम शोधा आणि ऑटो किंवा एनटीएससी करा. तो पर्यायच नसेल तर दुसरा टीव्ही शोधावा लागेल.

एलसीडी किंवा एलईडी टीव्ही असेल तर तीन गोष्टी.

बऱ्याच नव्या टीव्हींना पिवळं-पांढरं-लाल अशी वेगळी भोकं नसतात, हेडफोनसारखं एकच एव्ही भोक असतं. त्याची वायर टीव्हीसोबत आलेलीच वापरा. कॅमेऱ्याची किंवा सेट-टॉप बॉक्सची तशीच दिसणारी वायर लावली तर आतल्या जोडण्यांचा क्रम वेगळा असू शकतो आणि मग चित्राच्या जागी गुरगुर ऐकू येते.

दुसरं, टीव्हीचा गेम मोड चालू करा. जुन्या कन्सोलचं २४० रेषांचं चित्र नवा टीव्ही चुकीचं ओळखतो, ते दुरुस्त करत बसतो, आणि त्यात बटण दाबल्यापासून गोळी सुटेपर्यंत जाणवण्याइतका वेळ जातो. जड कंट्रोलच्या निम्म्या तक्रारी इथून येतात. स्वस्तातला एव्ही-टू-एचडीएमआय डबा लावून हा त्रास जात नाही, उलट वाढतो. डबा घ्यायचाच तर २४० रेषा नीट ओळखणारा लाइन डबलर घ्या, महाग असतो पण फरक पडतो.

तिसरं, चित्र ४:३ वर ठेवा. ताणून पूर्ण स्क्रीन केलं की सगळे राक्षस बुटके आणि रुंद दिसतात आणि अंतराचा अंदाज चुकतो.

आवाजाच्या पांढऱ्या आणि लाल दोन्ही वायरी जोडा. इथे लोक फार निष्काळजीपणा करतात. संगीतकार ऑब्री हॉजेसने या आवृत्तीसाठी संगीत नव्याने केलंय, कॉम्प्युटरवरच्या गिटारऐवजी खोल घुमणारे, लांबून कोणीतरी रडतंय असे आवाज, आणि त्या शांततेमुळेच राक्षस डावीकडून गुरगुरला की उजवीकडून ते स्पष्ट कळतं. टीव्हीला आवाजाचं एकच भोक असेल तर फक्त पांढरी वायर लावू नका, अर्धे आवाज गायब होतील. कन्सोलचा आवाज वेगळ्या स्पीकरवर घ्या किंवा हेडफोन लावा.

## पायरी ५: अंधार सेट करणं

ही पायरी बहुतेक जण करतच नाहीत, आणि गेम सोडून देण्याचं सगळ्यात मोठं कारण हीच. कॉम्प्युटरवर एफ११ दाबून उजेड वाढवता यायचा, इथे गेमच्या मेनूत ब्राइटनेस नाही. जे करायचं ते टीव्हीवरच.

या आवृत्तीत खोल्यांना रंगीत उजेड आहे. तेजाबाच्या कडेला हिरवट, नरकाच्या भागात लाल, काही ठिकाणी निळसर. तो उजेड वाट दाखवतो, धोका दाखवतो, आणि टीव्हीचा व्हिव्हिड मोड त्याची पार वाट लावतो: काळं एकदम खड्डा आणि लाल एकदम भडक.

असं करा:

१. आधी पिक्चर मोड स्टँडर्ड किंवा सिनेमा करा. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, ब्लॅक एन्हान्सर असलं काही असेल ते बंद. एनर्जी सेव्हिंगही बंद, ते आपोआप उजेड कमी करतं.

२. खोलीतला दिवा जसा खेळताना ठेवणार तसाच ठेवा. दुपारी खिडकी उघडी ठेवून सेट केलं तर रात्री सगळं राखाडी दिसेल.

३. पहिली लेव्हल सुरू करा, एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे तोंड करून उभे राहा. ब्राइटनेस हळूहळू वाढवा, भिंत आणि जमीन जिथे मिळतात ती रेघ दिसेपर्यंत. नंतर चित्राच्या बाजूच्या काळ्या पट्ट्या बघा, त्या राखाडी व्हायला लागल्या की एक घर मागे या. तिथेच थांबा.

४. मग कॉन्ट्रास्ट, आणि शेवटी रंग. रंग इतकाच की पिस्तूल धरलेला हात लालबुंद दिसणार नाही.

थांबा: सगळं लख्ख दिसेल इतका उजेड वाढवू नका. हा गेम अंधाराच्या हिशोबानेच बांधलाय. उजेड जास्त झाला की स्पेक्टर, म्हणजे तो अर्धवट दिसणारा राक्षस, वेगळा उठून दिसायचा बंद होतो. आणि याच आवृत्तीत स्पेक्टरचा एक जास्त काळा भाऊ आहे, नाइटमेअर स्पेक्टर, त्याला दुप्पट गोळ्या लागतात. सेटिंग बरोबर असेल तर तो काळ्या सावलीसारखा सरकताना दिसतो.

## पायरी ६: पॅड

हा गेम ॲनालॉग काड्या असलेला पॅड बाजारात यायच्या आधीचा आहे. ड्युअलशॉक लावला असेल तर मधलं ॲनालॉगचं बटण दाबून लाल दिवा बंद करा. दिवा चालू असला की त्या काळचे गेम पॅड ओळखत नाहीत आणि काहीच हलत नाही. नवा पॅड घ्यायच्या आधी हे बघा. लोकल पॅडवर टर्बो असेल तर तोही बंद.

आता ऑप्शन्समध्ये कॉन्फिगरेशन. माझी मांडणी अशी, आणि नवीन माणसाला मी हीच सांगतो: पळणं स्क्वेअरवर, गोळी एक्सवर, दार उघडणं सर्कलवर, एल१ आणि आर१ वर डावी-उजवीकडे सरकणं, एल२-आर२ वर बंदूक बदलणं. उजव्या अंगठ्याचं टोक स्क्वेअरवर कायम दाबून ठेवायचं आणि अंगठ्याच्या सांध्याजवळच्या भागाने एक्स दाबायचा. म्हणजे पळता पळता गोळी मारता येते. पहिले काही मिनिटं अंगठा अवघडतो, नंतर लक्षातही राहत नाही.

तपासा: यादी वरपासून परत वाचा, एखादं काम कुठल्याच बटणावर नाही असं झालं नाही ना. मग ही मांडणी वहीत उतरवा, कारण कन्सोल बंद केला की ती पुसली जाते आणि दर वेळी परत करावी लागते. यातच लोक कंटाळतात आणि डिफॉल्टवर खेळत राहतात. कंटाळू नका, मिनिटभराचं काम आहे.

## पायरी ७: कुठून सुरू करायचं आणि कसं हलायचं

मेनूत अल्टिमेट डूम किंवा डूम टू असं निवडता येतं. एकूण ५९ लेव्हल्स आहेत: अल्टिमेटच्या ३०, डूम टूच्या २४ आणि ५ गुप्त. कॉम्प्युटरसारखे वेगवेगळे एपिसोड नाहीत, सलग रांग आहे. अल्टिमेटपासूनच सुरू करा.

डिफिकल्टी हर्ट मी प्लेंटी ठेवा. कॉम्प्युटरवर त्याहून अवघड अल्ट्रा व्हायोलन्स खेळायचो म्हणून इथेही तेच घेणारे खूप असतात. इथे अल्ट्रा व्हायोलन्सवर अल्टिमेटच्या लेव्हल्समध्येही डूम टूचे राक्षस येऊन बसतात, त्यामुळे पाठ असलेल्या खोलीत भलताच कोणीतरी उभा असतो. आधी या आवृत्तीचा नकाशा पाठ होऊ द्या. डूम टूमधला आर्चव्हाइल हा राक्षस मात्र इथे अजिबात नाही, त्याची भीती बाळगू नका.

पहिल्या लेव्हलमध्ये, हँगरमध्ये, पुढे पळायची घाई करू नका. आजूबाजूला कोणी उरलं नसेल तेव्हा एखाद्या खांबाकडे तोंड ठेवून त्याच्याभोवती गोल फिरायचा सराव करा: आर१ दाबून उजवीकडे सरकायचं आणि त्याच वेळी डी-पॅडने डावीकडे वळायचं. खांब कायम समोर राहिला पाहिजे. मग उलट दिशेने. हे जमलं की अर्धा गेम जमला. वर-खाली बघता येत नाही, लागतही नाही, समोरच्या रेषेत असलेल्या उंचावरच्या राक्षसाला गोळी आपोआप लागते.

शत्रू बघून हालचाल बदला. बंदूकवाले सैनिक असतील तर कोपऱ्याआड राहा, त्यांची गोळी चुकवता येत नाही. इम्पचा आगीचा गोळा मात्र बाजूला सरकून चुकतो, मागे पळून नाही. गुलाबी डीमन अंगावर येतो, तिथे मागे मागे जात शॉटगन. आणि दोन वेगळ्या जातीचे राक्षस समोर असतील तर मध्ये उभे राहून बाजूला सरका, एकाचा मार दुसऱ्याला लागला की ते आपसात भिडतात. तुमच्या गोळ्या वाचतात.

गोळ्यांचा हिशोब ठेवा. शॉटगनची काडतुसं ५० च्या वर मावत नाहीत, पिस्तुलाच्या गोळ्या २०० च्या वर, बॅकपॅक मिळाली की दुप्पट. भरलेली असताना पेटी उचलायला जाऊ नका, ती जागा लक्षात ठेवून नंतर या. हिरवं चिलखत घातलेलं असताना निळं दिसलं तर घ्याच, हिरवं मार एक तृतीयांश अडवतं, निळं निम्मा.

## पायरी ८: पासवर्ड

लेव्हल संपली की मार्क दाखवणाऱ्या स्क्रीनवरच पुढच्या लेव्हलचा दहा अक्षरी पासवर्ड येतो. तोच तुमचा सेव्ह. त्यात लेव्हल, डिफिकल्टी, बंदुका, गोळ्या, हेल्थ, चिलखत सगळं असतं. गोळ्या आणि हेल्थ मात्र अगदी नेमके नाहीत, टप्प्याटप्प्याने मोजलेले, त्यामुळे परत आल्यावर आकडा थोडा वेगळा दिसला तर घाबरू नका.

उतरवताना चुकतं ते इथे, म्हणून नीट वाचा. पासवर्डमध्ये इंग्रजी स्वर येतच नाहीत, म्हणजे ए, ई, आय, ओ, यू यातलं काहीही नाही. फक्त २१ व्यंजनं, ० ते ९ आकडे आणि उद्गारचिन्ह. गोल दिसलं की तो शून्यच, ओ नाही. उभी रेघ म्हणजे एकच, आय नाही. उरला गोंधळ बी आणि आठ, एस आणि पाच, झेड आणि दोन, जी आणि सहा यांचा. आकडे मराठीत लिहा, अक्षरं इंग्रजीत, म्हणजे आठ आणि बी कधीच एकमेकांत मिसळणार नाहीत. पाच अक्षरं, थोडी जागा, पाच अक्षरं, असं लिहा. खाली लेव्हलचं नाव, हेल्थ आणि काडतुसं किती ते.

मोबाइलवर फोटोही काढा, पण फक्त फोटोवर राहू नका. डबा टीव्हीचा फोटो काढला की मधून काळा पट्टा येतो आणि नेमकी दोन अक्षरं झाकतो. दोन-तीन फोटो काढा आणि तिथल्या तिथे मोठे करून बघा.

थांबा: दर लेव्हलनंतर लिहा. "अजून एक खेळतो मग लिहितो" असं केलं की नेमकी लाइट जाते. गुरुवारी महावितरणची कामं निघतात त्या भागात राहत असाल तर विशेष, कन्सोल इन्व्हर्टरवर ठेवता आला तर ठेवाच.

जुने पासवर्ड खोडू नका. लेव्हल कशीबशी संपवली, हेल्थ १५ आणि काडतूस एक नाही, अशा अवस्थेतला पासवर्ड घेऊन पुढे गेलात तर तीच गरिबी पुढच्या लेव्हलला सोबत येते. अशा वेळी वहीत मागे जा, चांगल्या अवस्थेतला आधीचा पासवर्ड टाका आणि ती लेव्हल परत नीट खेळा. आठव्या लेव्हलला, फोबॉस अनॉमलीला, बॅरन ऑफ हेल समोर येतात, एकेकाला खूप मारावं लागतं. तिथे रिकाम्या हाताने पोचलेला माणूस तासन्तास अडकतो. सातवीच्या शेवटी वही उघडून बघा, काडतुसं निम्म्याच्या खाली असतील तर सातवी परत खेळा.

तपासा: पहिल्या दिवशी पहिला पासवर्ड मिळाला की कन्सोल बंद करून, परत चालू करून तो टाकून बघा. चालला तर तुमची लिहायची पद्धत बरोबर आहे. नाही चालला तर एकाच लेव्हलचं नुकसान, वीस लेव्हल्सचं नाही.

## पायरी ९: दोघांनी खेळायचं असेल तर

एका टीव्हीवर अर्धी-अर्धी स्क्रीन हा प्रकार यात नाही. दोन कन्सोल, दोन टीव्ही, दोन डिस्क आणि एक लिंक केबल, सगळं लागतं. मग कोऑपरेटिव्ह (दोघं मिळून) किंवा डेथमॅच (एकमेकांविरुद्ध) खेळता येतं, आणि दोन डबा टीव्ही पाठीला पाठ लावून ठेवले की एकमेकांची स्क्रीन चोरून बघताही येत नाही.

केबल घ्यायच्या आधी दोन्ही कन्सोलच्या मागे सीरियल पोर्ट आहे का बघा. छोट्या पांढऱ्या मॉडेलला ते काढूनच टाकलंय, त्यामुळे त्यावर लिंक कधीच होणार नाही. जुन्या जाड्या ग्रे मॉडेल्सना असतं. अगदी शेवटच्या, ९००० च्या मालिकेतल्या ग्रे मशीनचं रुंद पॅरलल पोर्ट काढलेलं आहे पण सीरियल शाबूत आहे, ते बघून गोंधळू नका.

दोन्ही कन्सोल बंद असताना केबल लावा, मग दोन्ही चालू करा. दोन्हीकडे डिस्क एकाच विभागाची हवी, आणि एक मशीन १२० चं व एक २३० चं असेल तर कुठली वायर कुणाची ते चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. खेळायला आलेला मित्र उत्साहात सगळ्यात आधी वायरींनाच हात घालतो.